“हवा काढून द्या” म्हणण्याआधी: पिकअपचा हायड्रॉलिक ब्रेक

“मिस्त्री, ब्रेक मऊ लागतोय, जरा हवा काढून द्या.”

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्यांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की गाडी नीट उभी राहायच्या आतच पोरगं निपलचा, म्हणजे चाकाशी असलेल्या हवा सोडायच्या छोट्या स्क्रूचा, पाना शोधायला लागतं. थोड्या वेळात हवा निघते, पेडल कडक होतं आणि गाडी दूध उचलायला नाहीतर कागलच्या एमआयडीसीत कास्टिंग पोचवायला निघून जाते. महिन्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात.

असं होतं, कारण हवा काढणं ही दुरुस्तीच नव्हे. ते दुरुस्ती झाल्यावर करायचं काम आहे. ब्रेकच्या बंद नळ्यांमध्ये हवा आपोआप तयार होत नाही, ती कुठून तरी आत शिरलेली असते. ती वाट शोधली नाही तर हवा काढायचा हा कार्यक्रम दर महिन्याला ठरलेला. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पेडल कडक लागलं म्हणजे ब्रेक ठीक आहे, हा हिशेब शहरात चालतो, रंकाळा तलावाभोवती चालतो, पण कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात चालेलच असं नाही. याचं कारण समजायला आधी आतलं यंत्र बघू.

हा लेख पिकअप, छोटा हत्ती, शाळेची व्हॅन, लहान रुग्णवाहिका, गॅरेजची स्वतःची ब्रेकडाउन गाडी अशा वाहनांसाठी आहे. एसटी, केएमटीची (कोल्हापूर महापालिकेची) बस आणि मोठे ट्रक यांचा ब्रेक कॉम्प्रेसरमधल्या दाबाखालच्या हवेवर चालतो. तिथली तपासणी वेगळी, तिच्यात इथे शिरत नाही.

पायाचे वीस किलो चाकाशी सहाशे कसे होतात

पेडल हा मुळात एक तरफ आहे. तुम्ही पायाने २० किलोचा जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर पाचास एक असलं, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलमागच्या द्रव ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्याच्या, दांड्यावर १०० किलो पडतात. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास २२ मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ३.८ चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे आतल्या द्रवावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६ किलोचा दाब येतो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल यांचा नियम शाळेत पाठ केलेला असतोच. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागातला, पिस्टन ५४ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. तेवीस गुणिले सव्वीस, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा जोर ६०० किलोच्या आसपास. यात बूस्टरची मदत अजून धरलेलीच नाही. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर आणखी काही पट वाढवतो.

पण जोर फुकट वाढत नाही, त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. मास्टर सिलिंडरचा पिस्टन ३० मिलिमीटर सरकला तर तो किती द्रव ढकलेल? सुमारे ११ मिलिलिटर. दोन चमच्यांहून थोडा जास्त. चारही चाकांचे पॅड आणि शू (मागच्या ड्रमला आतून दाबणारे भाग) हलवायला आपल्या हातात एवढंच भांडवल असतं. आणि हे ३० मिलिमीटर सरकायला पेडल पाचपट, म्हणजे १५० मिलिमीटर खाली जावं लागतं.

आता नळीत ५ मिलिलिटर हवा अडकली आहे असं समजा. द्रव दाबला तरी जवळपास आकसत नाही, हवा मात्र आकसते. २६ किलोच्या दाबाखाली ती पाच मिलिलिटर हवा ०.२ मिलिलिटरवर येते. म्हणजे तुमच्या अकरापैकी ४.८ मिलिलिटर भांडवल नुसतं हवा चेपण्यात गेलं. पेडलच्या भाषेत सांगायचं तर सुमारे अडीच इंच चाल वाया. मऊ ब्रेक म्हणतात तो हाच. घरी बघायचं असेल तर औषधाची सिरिंज पाण्याने भरा, टोकावर बोट धरा आणि दट्ट्या दाबा, हलणार नाही. मग थोडी हवा आत घेऊन पुन्हा दाबा.

पाणी: जे सकाळी दिसत नाही

ब्रेकच्या डब्यात, म्हणजे मास्टर सिलिंडरवरच्या साठ्यात, जे असतं त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण नेहमीच्या गाड्यांत खनिज तेल त्यात मुळीच नसतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत आणि त्यांना पाण्याचं भारी वेड. झाकणाच्या श्वासछिद्रातून, रबरी होजच्या भिंतीतून, उघड्या राहिलेल्या बाटलीतून ते हवेतली ओल शोषत राहतात. हा दोष नव्हे, हेतूच आहे. पाणी द्रवात विरघळून राहिलं तर एका जागी साचून नळी गंजवत नाही, थंडीत गोठत नाही. पण त्या बदल्यात उत्कलनबिंदू खाली येतो.

किती खाली, हे मानकातच ठरवलेलं आहे. कोरा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ किमान २३० पर्यंत, डॉट ५.१ किमान २६० पर्यंत. यात वजनाने ३.७ टक्के पाणी मिसळलं की किमान मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येते. डॉट ३ च्या डब्याने म्हणजे ६५ अंश गमावले. बाहेरून काही कळत नाही. पेडल पहिल्यासारखंच कडक, कारण गार असताना पाणीसुद्धा दाबाखाली आकसत नाही.

मग गाडी घाटात उतरते. कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर, तिथून एक फाटा करूळ घाटाने वैभववाडीकडे जातो, दुसरा भुईबावड्याकडे. आंबा, फोंडा, आंबोली, कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही. मालासकट अडीच टनांची पिकअप उंचीने ५०० मीटर खाली आली असं धरू. या उतरण्यात १.२ कोटी ज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत नळाचं चाळीसेक लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा इंजिन घेतं, काही वारा आणि टायर. चालकाने वरचा गिअर ठेवून सगळं ब्रेकवरच सोडलं असेल, तर बाकीची सगळी उष्णता चार चाकांच्या लोखंडात.

तिथून ती पॅडच्या पाठीमार्गे पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून द्रवात उतरते. पाणी द्रवात मिसळलेलं असल्याने ते १०० अंशांना उकळत नाही, पण उकळायला लागलं की हिशेब भयानक आहे. पाण्याची वाफ झाली की ती मूळ आकाराच्या सोळाशेहून जास्त पट जागा मागते. ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब ऐंशी मिलिलिटर वाफ होऊ पाहतो, आणि आपल्याकडे ढकलायला अकरा मिलिलिटर आहेत! वाफ द्रवाला मागे डब्यात लोटते, पुढच्या वेळी पाय दाबला की पेडल जमिनीला टेकतं.

यातला एक बारकावा बऱ्याच जुन्या चालकांनाही माहीत नसतो. पेडल दाबलेलं असताना आतला दाब जास्त असतो आणि दाबाखाली द्रव सहज उकळत नाही. पाय उचलला की दाब जातो, मग वाफ धरायला मोकळीक मिळते. म्हणून सगळ्यात धोक्याची वेळ कधीकधी ब्रेक मारताना नसते, तर थांबल्यानंतर असते. घाटाच्या मध्यावर चहासाठी गाडी लावली, चाकांवरचा वारा बंद झाला, लालबुंद डिस्कची उष्णता सावकाश कॅलिपरमध्ये मुरली. दहा मिनिटांनी गाडी हलवली, पहिलं वळण आलं आणि पेडल खाली. चालक शपथेवर सांगतो की थांबलो तेव्हा ब्रेक उत्तम होता. तो खरंच सांगत असतो. गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल परत येतं आणि उद्यमनगरात पोचेपर्यंत दोष शिल्लक राहत नाही. मिस्त्री म्हणतात, “ब्रेक तर झकास लागतोय की ओ!”

घाटात आणखी एका प्रकारे ब्रेक जातो आणि या दोन्हींची गल्लत नेहमी होते. पॅड किंवा लायनर (शूवरचं घर्षणाचं अस्तर) अति तापलं की त्याची पकड घटते. अशा वेळी पेडल कडकच राहतं, पण जोर लावूनही गाडी थांबत नाही, जोडीला जळका वास येतो. मागच्या ड्रममध्ये आणखी एक गोष्ट होते: ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडलची चाल थोडी वाढते. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, तर लायनर तापलंय. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर द्रव उकळलाय. या दोन वाक्यांवर मिस्त्रींचं अर्धं निदान होतं, म्हणून घाटात काय झालं ते गॅरेजात नीट सांगा. “ब्रेक लागंना झाला” एवढ्यावरून काही कळत नाही.

पेडल काय बोलतंय

गाडी गॅरेजमध्ये आणायच्या आधीच बरीचशी तपासणी चालकाच्या जागेवर बसून होते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल ताठ होतं. आता ते दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली गेलं तर बूस्टर जिवंत आहे. काहीच हललं नाही तर बूस्टर, त्याचा पाइप, एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप यांच्यापैकी कुणीतरी गळालंय. अशा गाडीत ब्रेक अत्यंत कडक लागतो आणि लोक त्याला चांगला ब्रेक समजतात.

पेडल दाबून मिनिटभर तसंच धरून ठेवा. ते हळूहळू जमिनीकडे सरकत असेल तर द्रव कुठेतरी निसटतोय. गाडीखाली ओल असेल तर बाहेर, नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतच, झिजलेल्या रबर कपावरून मागे. हा दुसरा प्रकार फसवा, कारण डब्यातली पातळी कमी होत नाही. अशा गाडीची हवा कितीही वेळा काढा, पैसे आणि ब्रेक ऑइल दोन्ही वाया. मास्टर सिलिंडर बदला किंवा भोक निकोप असेल तर रबरांची नवी किट टाका.

पहिल्या दाबाला पेडल खाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येत असेल, तर मागच्या ड्रमचे शू ड्रमपासून फार लांब गेले असण्याची शक्यता मोठी. शू ॲडजस्ट करून मगच हवेचा विचार करा. बहुतेक पिकअपला मागे ड्रमच असतो आणि स्वयं-ॲडजस्टर गंजून बसला की तो नावापुरता उरतो. पेडल स्पंजासारखं लागत असेल, दाब सोडून पुन्हा दाबल्यावर सुधारत असेल, पण कधीच ठाम होत नसेल, तर हवा नक्की आहे.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर जाम असतो किंवा लायनरवर ग्रीस सांडलेलं असतं. एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही अडकून राहत असेल तर एक सोपी युक्ती आहे. त्या चाकाचं निपल क्षणभर सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडला होता, म्हणजे बहुधा रबरी होज आतून फुगून बंद झालाय. तो जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. मोकळं झालं नाही, तर पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजल्यात. होज बाहेरून चकचकीत दिसतो आणि सुटून जातो, हे ध्यानात असू द्या.

आता डब्याची पातळी. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात आणि डब्यातला द्रव कॅलिपरमध्ये उतरतो, म्हणून पातळी हळूहळू घटणं स्वाभाविक. ती घटली की वरून ओतायची सवय मला पटत नाही. एकतर पॅड संपत आल्याची खूण पुसली जाते, नाहीतर गळती झाकली जाते. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की तोच जादा द्रव उसळून बॉनेटखालच्या रंगावर सांडतो. ब्रेक फ्लुइड रंगाला पेंट रिमूव्हरसारखं सोलतं. सांडलंच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवा.

काम सुरू करण्याआधी दोन वैरी

पहिला वैरी डिझेल. आपल्याकडे सुटे भाग डिझेल-पेट्रोलमध्ये धुवायची पद्धत आहे आणि इंजिनच्या भागांना ती चालतेही. ब्रेकच्या रबराला नाही. हे रबर ग्लायकॉलमध्ये सुखी राहतं आणि खनिज तेलाच्या संगतीत फुगतं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल घाईत ब्रेकच्या डब्यात गेलं तर प्रकरण डबा पुसून संपत नाही. मास्टर सिलिंडरचे कप, व्हील सिलिंडरची (ड्रममधल्या शूला ढकलणाऱ्या नळकांड्याची) किट, कॅलिपरचे सील, होज, सगळं रबर बदलून नळ्या धुवाव्या लागतात. रबरी भाग नव्या ब्रेक फ्लुइडनेच पुसा, धातूच्या भागांना ब्रेक क्लीनर वापरून कोरडे करा.

दुसरा वैरी अर्धवट उघडी बाटली. गेल्या पावसाळ्यात फोडलेली, झाकण सैल, कपाटात ठेवलेली. गगनबावड्यासारख्या धो-धो पावसाच्या भागात तिने किती ओल प्यायली असेल याचा अंदाज करा. लहान बाटल्या घ्या, फोडलेली त्याच कामात संपवा. डब्याच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४ ते वाचा. दोन्ही एकमेकांत मिसळतात, पण घाटात जाणाऱ्या गाडीला डॉट ४ च बरा. डॉट ५ मात्र हातात घेऊ नका. तो सिलिकोनचा असतो, बाकीच्यांत मिसळत नाही. आकड्यावरून तो ५.१ चा मोठा भाऊ वाटतो, पण नात्यातलाही नाही.

हवा काढताना

दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, ज्या चाकांवर काम नाही त्यांना मागे-पुढे दगड. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी शिरायचं नाही, स्टँड लावायचाच. पिकअपच्या बाबतीत आणखी एक सूचना आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी डब्यातला काळा द्रव सिरिंजने उपसून स्वच्छ कापडाने तळ पुसून घ्या आणि ताजा भरा. जुना गढूळ द्रव चारही नळ्यांतून ढकलत न्यायला कशाला हवा? निपलभोवतीची माती ब्रशने काढा. निपल गंजलेलं असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सहा कोनांत पकडणारा पाना घ्या. नेहमीच्या उघड्या पान्याने कोपरे झिजले की निपल आतच तुटतं, मग पूर्ण कॅलिपर नाहीतर व्हील सिलिंडर बदलायची वेळ येते.

क्रम कुठला? आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे आणि मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. हा क्रम पुढच्या-मागच्या चाकांचे वेगळे सर्किट असलेल्या गाड्यांचा. तिरप्या जोडीचं सर्किट असेल, म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं एका नळीवर, तर कंपनीने वेगळा क्रम सांगितलेला असू शकतो. आपल्या गाडीची पुस्तिका उघडून बघायला लाजू नये.

निपलवर पारदर्शक नळी घट्ट बसवा, तिचं दुसरं टोक थोडा ताजा फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. म्हणजे चुकून मागे शोषलं गेलं तर हवा नाही, द्रवच जाईल. आता पेडलवाला सावकाश दाबतो आणि म्हणतो, “धरलंय.” चाकाशी बसलेला निपल पाव ते अर्धा फेरा सोडतो. पेडल खाली जातं, नळीतून काळपट द्रव आणि बुडबुडे येतात. पेडल तळाला पोचायच्या आत निपल बंद, मग हाक, “सोड.” ही हाक येईपर्यंत पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेरची हवा निपलच्या आट्यांतून आत येते, म्हणजे जी काढायला बसलो तीच भरली.

पेडल जोरजोरात धाडधाड मारू नका. त्याने हवा फेसाळते, बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत. जुन्या गाडीत पेडल अगदी जमिनीपर्यंतही नेऊ नका. मास्टर सिलिंडरचा कप रोज जेवढा सरकतो त्यापलीकडचं भोक वर्षानुवर्षं न वापरलेलं, कधी गंजकं असतं. तिथे कप घासला की हवा काढल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मास्टर सिलिंडर जातो आणि “हवा काढली म्हणून बिघडलं” असं बोलणं मिस्त्रींना ऐकावं लागतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा टाकून चाल मर्यादित ठेवणं सगळ्यात सोपं.

चार-पाच दाबांनंतर डबा बघत राहा. पातळी किमान खुणेच्या खाली गेली की मास्टर सिलिंडरच हवा ओढतो आणि पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात. हे लक्ष ठेवायला तिसरं माणूस असेल तर उत्तम, नाहीतर चहावाल्या पोराला उभं करा. नळीतून येणारा द्रव बाटलीतल्या ताज्यासारखा दिसेपर्यंत त्या चाकाला सोडायचं नाही. बुडबुडे थांबले म्हणून थांबायचं नाही, कारण आपल्याला पाणीही बाहेर काढायचंय आणि पाणी बुडबुडा होऊन दिसत नाही. निपल आवळताना हलका हात ठेवा, वर रबराची टोपी घाला. टोपी नसेल तर मातीचिखल भोकात बसतो आणि पुढच्या वेळी निपल उघडंही होत नाही.

कधी कितीही काढली तरी पेडल स्पंजासारखंच राहतं. अशा वेळी कॅलिपरकडे बघा. डावा-उजवा कॅलिपर खोलून परत बसवताना अदलाबदल झाली तर निपल वरच्या ऐवजी खालच्या बाजूला येतं. हवा वर चढते, निपल खाली, मग ती निघणार कशी? नव्या मास्टर सिलिंडरमध्येही हवा अडकते. तो गाडीला लावण्याआधी बाकावर धरून, द्रव भरून आतली हवा काढून घ्यावी लागते. आणि एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत डबा पूर्ण कोरडा पडला असेल तर एबीएसच्या ठोकळ्यातली हवा नुसत्या पेडलने निघत नाही. स्कॅनर लावून त्याचा पंप चालवावा लागतो, म्हणून अशी गाडी तशी सोय असलेल्या ठिकाणीच न्या.

पिकअपचा मागचा व्हॉल्व्ह आणि वाढवलेले पाटे

आता ती राहिलेली सूचना. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यातून निघालेली दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. गाडी रिकामी असली की मागची चाकं हलकी, जोरात ब्रेक लागला तर ती घसरतील, म्हणून हा व्हॉल्व्ह मागचा दाब रोखतो. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागचा दाब मोकळा सोडतो. आता गाडी चेसिसला जॅक लावून उचलली आणि मागची चाकं लोंबकळत ठेवली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी पूर्ण रिकामी आहे. मागून द्रव थेंबथेंब येतो आणि लोक नळी चोंदली म्हणून शोधत बसतात. म्हणून मागची हवा काढताना गाडी चाकांवर उभी ठेवा किंवा ॲक्सलखाली आधार द्या. व्हॉल्व्हलाच वेगळं निपल असेल तर तिथलीही हवा काढा.

याच व्हॉल्व्हशी आपल्याकडच्या आणखी एका सवयीचा संबंध आहे. जास्त माल घालता यावा म्हणून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतात. गूळ, खत, ऊस, सिमेंट काहीही भरा, गाडी खाली बसत नाही, मालक खूश. पण गाडी बसली नाही की दांडी सरकत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी अजून रिकामीच, आणि तो मागचा ब्रेक रोखून धरतो. दोन टन माल असलेल्या गाडीचा जवळपास सगळा ब्रेक पुढच्या दोन चाकांवर पडतो, तेच तापतात, त्यांचाच द्रव उकळतो. पाटे वाढवलेल्या गाडीचं पुढचं पॅड लवकर का संपतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. माझं मत विचाराल तर पाटे वाढवू नयेत. वाढवले असतीलच तर व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे जुळवून घ्या, तारेने बांधून व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवू नका, नाहीतर रिकामी गाडी पावसात मागून फिरेल.

काम झाल्यावर आणि पुरानंतर

काम संपलं की इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून धरा. दुसऱ्याने टॉर्च घेऊन चारही निपल, होजचे जोड, व्हील सिलिंडरचा मागचा भाग बघावा. मग इंजिन चालू करून तेच. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने. थोडं फिरवून थांबलात की चाकांपाशी तळवा नेऊन ऊब बघा, स्पर्श करू नका. एकच चाक जास्त गरम असेल तर ते घासतंय. फ्लुइड बदलल्याची तारीख आणि किलोमीटर डब्यावर मार्करने लिहा. साधारण दोन वर्षं हा अंतराल बऱ्याच कंपन्या देतात. आठवड्यातून दोनदा घाट उतरणाऱ्या गाडीला त्याआधी बदला, असं मी सांगेन. काढलेला जुना द्रव गटारात ओतू नका, इंजिन ऑइलच्या पिंपातही नको. वेगळ्या बंद डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीत मालकाचं सगळं लक्ष इंजिन आणि वायरिंगकडे असतं. पण पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढलं असेल तर फ्लुइड पूर्ण बदलायचा, दुसरा विचार नाही. पाणी चाकांपर्यंतच असेल तरी मागचे ड्रम उघडा. आत बसलेला गाळ शूवर आणि ॲडजस्टरवर सुकतो, हातब्रेकची केबल गंजते. चाकापर्यंत पाण्यातून नुसतं गेलात तर पुढे काही अंतर पेडलवर हलका पाय ठेवून लायनर वाळवा.

घाटात पेडल खाली गेलंच तर

उतार सुरू होतानाच ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद म्हणजे बूस्टर बंद. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन दाब चांगले लागतात, मग पेडल दगडासारखं. आणि उतारावर गिअरमध्ये राहिलेली इंजेक्टरची नवी गाडी तसंही जवळजवळ डिझेल पीतच नाही.

तरीही पेडल खाली गेलं तर पहिल्यांदा जोरजोरात पंप करा. थोडा द्रव परत ढकलला जातो आणि दोन-तीन पंपांत काही दाब मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली घ्या. एकदम पहिल्यावर उडी मारायला गेलात तर गिअर बसणार नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहील. हातब्रेक केबलवर चालतो, त्याचा द्रवाशी काही संबंध नाही, म्हणून द्रव उकळला तरी तो काम करतो. मात्र तो टप्प्याटप्प्याने ओढायचा, बटण दाबून धरून, म्हणजे मागची चाकं एकदम जाम होणार नाहीत. हॉर्न आणि हॅझार्ड लावा, जमलं तर डोंगराच्या कडेला चिकटा, दरीच्या कडेला नाही.

गाडी थांबली की इंजिन बंद करा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. चाकांवर पाणी ओतायचा मोह आवरा, तापलेला ड्रम आणि डिस्क तडकतात. तासाभराने पेडल परत येईल, कडक लागेल, आणि मागे बसलेला कुणीतरी म्हणेल, “झालं की बरं, चला.” त्या पेडलवर विसंबू नका. द्रवात पाणी तसंच आहे. उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, ब्रेक जवळपास न वापरता उतरा किंवा गाडी ओढून घ्या, आणि फ्लुइड बदलून होईपर्यंत तिच्यावर माल चढवू नका.